रताळं मागितलं, रताळू मिळालं

बडोद्याचं खंडेराव मार्केट. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९०६ मध्ये उभं राहिलेलं. थंडी सुरू झाली की इथल्या भाजीच्या ढिगांत एक खडबडीत, मातकट कंद दिसायला लागतो. साल जाड, त्यावर केसांसारखी मुळं. भाजीवाला एक कंद चिरून वरच ठेवतो, गिऱ्हाइकाला आतला रंग दिसावा म्हणून. गडद जांभळा! गुजरातीत हे रताळू. मराठीत कोनफळ.

आता एकादशीसाठी रताळी आणायला निघालेल्या मराठी माणसाची इथे पंचाईत होते. रताळी मागावीत, तर पिशवीत कोनफळ पडायचं. त्याला हवी असतात ती इथली शक्करियां. म्हणून मुरलेला भाजीवाला मराठी बोल कानावर पडताच विचारून घेतो, ‘बेन, रताळू के शक्करियां?’

खरं तर या दोघांचं काडीचंही नातं नाही. कोनफळाचा वेल आशियातला, फार जुना. त्याच्या चौकोनी खोडाला पंखांसारख्या पट्ट्या असतात. रताळं अमेरिकेतून आलेलं, मॉर्निंग ग्लोरीच्या कुळातलं. फूलही तसंच, कर्ण्यासारखं. रताळू आणि रताळं, दोन्ही नावांचं मूळ संस्कृत ‘रक्तालु’, म्हणजे लाल कंद. गुजराती आणि हिंदीत हे नाव जुन्या कंदाकडे राहिलं, मराठीत ते लाल सालीच्या पाहुण्याला मिळालं. असं जगभर झालंय. अमेरिकेत रताळ्यालाच सर्रास ‘यॅम’ म्हणतात, आणि यॅम म्हणजे खरं तर कोनफळाचं कूळ. प्राचीन रोममध्ये ‘पास्तिनाका’ या एकाच नावात गाजरही यायचं आणि पांढरं, गोडसर पार्सनिपही. मातीखाली वाढणाऱ्यांच्या वाट्याला हे येतंच.

स्वयंपाकघरात मात्र गल्लत होत नाही. रताळ्याचा कीस तुपा-जिऱ्यावर परतला की गोड वास सुटतो. कोनफळ सोलताना हाताला बुळबुळीत चीक लागतो, खाजही सुटते. म्हणून आधी तेलाचा हात. उंधियूसाठी त्याच्या मोठ्या फोडी करून तळून घ्यायच्या. पापडी, वांगी, मुठिये यांच्याबरोबर शिजूनही त्या मोडत नाहीत, आतून मऊ होतात. सुरतेजवळच्या डुमसला याच कंदाच्या चकत्या पिठात बुडवून, वर धणे-मिरी लावून तळतात. ती कंदपुरी.

आणि उत्तरायणला, गच्चीवर पतंग चढलेले असताना, बडोद्यातल्या कित्येक मराठी घरांत तिळगुळाच्या डब्याशेजारी उंधियूचं पातेलं असतं. त्यातली जांभळी फोड पहिल्यांदा कोण उचलतो, यावरून पोरांची भांडणं ठरलेली.