सिग्नल गेला की लाईन थांबते

(दृश्य: डब्यांनी भरलेला कन्व्हेअर. मागे पिवळी जाळी.)

मे महिना. रत्नागिरीत हापूसचा पल्प डबाबंद करायचा सीझन ऐन भरात आहे. एकेक डबा 3.1 किलोचा, एका खोक्यात असे सहा. ही खोकी पूर्वी माणसं उचलून रचायची. या लाईनवर आता रोबो रचतो. जाळीबाहेर उभ्या हेल्परच्या पट्ट्याला, आणीबाणीत रोबो थांबवायचं, लाल बटणाचं छोटं यंत्र अडकवलंय. त्याला वायर नाही.

फरशी कायम ओली, लाईन लांब, माणूस सतत फिरता. भिंतीवरचं बटण वीस पावलांवर असेल, तर बाही अडकलेल्याला त्याचा काय उपयोग?

पण बिनतारी सिग्नलचा भरवसा काय? शंका रास्त आहे. डब्यांचा पत्रा लहरी परतवतो, माणसांची गर्दी त्या शोषते. सकाळी मोकळ्या शेडमध्ये खणखणीत चालणारा सिग्नल संध्याकाळी थप्प्यांमागे अडखळतो.

म्हणून ही यंत्रणा हवेवर विसंबतच नाही. मुंबईच्या चाकरमान्याची मनिऑर्डर आठवा. वाटेत काय होईल हे त्याच्या हातात नसे. घरच्यांच्या सहीची पोच आली की तो निर्धास्त. इथे पट्ट्याचं यंत्र सेकंदाला कित्येकदा कळवत राहतं : ठीक आहे, ठीक आहे. प्रत्येक निरोपाला अनुक्रमांक, पाठवणाऱ्याची ओळख आणि मजकूर बिघडला तर पकडणारा पडताळणीचा आकडा. ठरल्या वेळेत निरोप आला नाही की रिसीव्हर रोबोला थांबवतो. ‘थांब’ पोचलंच पाहिजे असं नाही. ‘ठीक’ यायचं बंद झालं, एवढं पुरे.

(दृश्य: लाईन थांबलेली. भोंगा.)

याची किंमतही आहे. बॅटरी उतरली, लाईन बंद. थप्पी आडवी आली, लाईन बंद. “परत थांबली काय रे?” बाहेर आंब्याच्या गाड्या खोळंबलेल्या, आणि मग कुणीतरी पॅनल उघडून जंपर मारतो, म्हणजे वायरचा तुकडा जोडून ही थांबवणारी यंत्रणाच टाळतो. आमच्या मते खरा धोका रेडिओत नाही, त्या चार इंच वायरच्या तुकड्यात आहे. अँटेनाची जागा बदलणं, जादा बॅटरी चार्जिंगला ठेवणं, हे त्याहून स्वस्त पडतं.

आणखी एक गोष्ट. बटण लाल दिसतंय, पण यंत्र बंद आहे. घाबरलेला माणूस ते दाबतो आणि काहीच होत नाही. आणीबाणीत यंत्र थांबवण्याबद्दलचं आयएसओ 13850 हे मानक म्हणूनच सांगतं की काम करणारं बटण आणि काम न करणारं बटण यांत गल्लत होता कामा नये. काही यंत्रांत बटण जोडलेलं असतानाच आतून लाल उजळतं, एरवी करडं.

सीझनपुरत्या आलेल्या पोरांना हे पहिल्याच दिवशी दाखवायला हवं. आणि हेही, की थांबलेला रोबो म्हणजे बंद रोबो नव्हे. नळीत हवेचा दाब असतो, उचललेलं खोकं वरच लटकत असतं. दुरुस्तीला आत जायचं तर मेन स्विचला स्वतःचं कुलूप आणि किल्ली स्वतःच्या खिशात. त्याला बिनतारी पर्याय नाही.

(दृश्य: ऑपरेटर जाळीभोवती चालतोय.)

सिग्नल परत आला, तरी रोबो आपणहून हलत नाही. ऑपरेटर जाळीला फेरी मारतो, थप्पीमागे वाकून बघतो, आत राहिलेल्या फिटरला हाक मारतो. फिटर बाहेर येतो, दार लावतो. मग रीसेटचं निळं बटण.