उंबरठ्याच्या आत

(कॅनबेरा. सकाळ. गवताची टेकडी, वर झेंडा.)

ही टेकडी दिसते ना, तिच्या पोटात ऑस्ट्रेलियाची संसद आहे. १९८८ साली ती इथे सुरू झाली. ध्वजस्तंभ ८१ मीटर उंच, गावात दूरवरूनही दिसतो.

(आतला लांब पॅसेज. बंद दारं.)

ही मंत्र्यांची दालनं. प्रत्येक दारामागे सल्लागार, सचिव, माध्यमांचं काम बघणारी माणसं. बरीचशी विशी-पंचविशीतली. रात्री उशिरापर्यंत इथेच. यांची नेमणूक १९८४ च्या एका कायद्याखाली व्हायची. कामाला ठेवणार मंत्री, काढणारही मंत्री. मंत्र्याचं पद गेलं की यांचीही नोकरी गेली. पगाराचे कागद वित्त खातं बघायचं, पण सहकाऱ्याविरुद्ध तक्रार असेल तर ती फिरून त्याच टेबलावर यायची. त्या टेबलामागच्या माणसाला पक्ष सांभाळायचा, सरकार सांभाळायचं, निवडणूक जिंकायची. आणि त्यातच एका मुलीचं म्हणणंही ऐकून घ्यायचं.

२३ मार्च २०१९. मध्यरात्र उलटून गेल्यावर दोन कर्मचारी या इमारतीत आले. त्यांतली एक ब्रिटनी हिगिन्स, वय २४. सहकाऱ्याने मंत्री लिंडा रेनल्ड्स यांच्या दालनात आपल्यावर बलात्कार केला, असं तिने सांगितलं. त्याने ते नाकारलं. थोड्याच दिवसांत त्याची नोकरी गेली, पण कशासाठी? सुरक्षेचे नियम मोडले म्हणून.

१ एप्रिलला मंत्र्यांनी हिगिन्सला भेटायला बोलावलं. भेट झाली त्याच दालनात. सगळा तपशील तेव्हा आपल्याला माहीत नव्हता, असं रेनल्ड्स यांनी नंतर सांगितलं आणि त्या खोलीत भेट घेतल्याबद्दल खेदही व्यक्त केला. दहा दिवसांनी निवडणूक जाहीर झाली. मंत्र्यांनी प्रकरण दडपलं हा आरोप पुढे न्यायालयात टिकला नाही, हे सांगायलाच हवं. आमचा मुद्दा त्या खोलीचाच आहे. मनात काही वाईट नसतानाही ज्या व्यवस्थेत तक्रार करणारीला परत त्याच खोलीत बसावं लागतं, त्या व्यवस्थेत तिने विचारायचं तरी कुणाला?

फेब्रुवारी २०२१ मध्ये हिगिन्स जाहीरपणे बोलली. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान स्कॉट मॉरिसन पत्रकारांसमोर आले. रात्री पत्नीशी बोललो, ती म्हणाली आधी बाप म्हणून विचार करा, असं त्यांनी सांगितलं.

(१५ मार्च २०२१. संसदेसमोर काळ्या कपड्यांतला जमाव.)

हे बघा. लैंगिक अत्याचाराविरुद्धचा मोर्चा. आया, लेकी, आज्या. हातात पुठ्ठ्याचे फलक. पंतप्रधानांनी निरोप धाडला, काही जणींनी आत येऊन भेटावं. आयोजकांनी कळवलं, आम्ही दारापर्यंत आलो आहोत, उंबरठा आता तुम्ही ओलांडा. मॉरिसन बाहेर आले नाहीत. इथून फार दूर नाही अशा ठिकाणी अशा मोर्चांना गोळ्या झेलाव्या लागतात, असं ते त्या दिवशी सभागृहात म्हणाले.

हिगिन्स मात्र त्या गर्दीसमोर बोलली.

(माइकसमोर हिगिन्स. इथे निवेदन नाही.)

त्या वर्षी ३० नोव्हेंबरला लैंगिक भेदभाव आयुक्त केट जेनकिन्स यांचा अहवाल आला. संसदेत काम करणाऱ्यांपैकी दर तिघांत एकाने इथे लैंगिक छळ सोसला होता. अहवालात २८ शिफारशी होत्या.

(८ फेब्रुवारी २०२२. सभागृह, वर प्रेक्षक गॅलरी.)

मॉरिसन खाली माफी मागत आहेत. वर गॅलरीत हिगिन्स बसली आहे. कॅमेरा एकदा खाली जातो, एकदा वर.

त्या सहकाऱ्यावरचा फौजदारी खटला ज्युरीतल्या एकाच्या गैरवर्तनामुळे मोडला, पुढे आरोपही मागे घेतला गेला. २०२४ मध्ये, त्याच सहकाऱ्याने एका वाहिनीवर लावलेल्या बदनामीच्या दाव्यात, न्यायाधीशांनी संभाव्यतेच्या निकषावर, म्हणजे काय घडलं असण्याची शक्यता जास्त हे बघून, बलात्कार झाला असल्याचा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्वतंत्र संसदीय आचार आयोग सुरू झाला. तक्रार घेऊन आता मंत्र्याच्या टेबलाकडे न जाता थेट तिकडे जाता येतं. खासदारावर मोठी कारवाई करायची तर निर्णय मात्र अजूनही सभागृहाचाच.