आमच्या माघारी, कोणाच्या भरवशावर?

(दृश्य: निवासी गृहाची भोजनखोली)

संध्याकाळचे साडेसहा वाजले आहेत आणि रात्रीच्या जेवणाची ताटे मांडून झाली आहेत, कारण आठ वाजता काळजीवाहकांची पाळी बदलते आणि त्याआधी स्वयंपाकघर आवरलेले असावे लागते. पंगतीत कोणी तिशीचे आहे, कोणी पन्नाशी ओलांडलेले. फरशी लख्ख आहे, वरण गरम आहे, कोणी उपाशी राहणार नाही. मात्र एवढ्या लवकर भूक लागली आहे का, हे त्यांना कोणी विचारलेले नाही. बौद्धिक दिव्यांग आणि स्वमग्न (ऑटिस्टिक) प्रौढांच्या निवासी काळजीचा दर्जा इमारतीवरून ठरवण्याची आपल्याला सवय आहे. तो खरे तर अशा लहानसहान निर्णयांत तपासावा लागतो.

मूल अठरा वर्षांचे झाले की विशेष शाळा संपते. त्यानंतर काहींना काम शिकवणाऱ्या कार्यशाळेत जागा मिळते, बाकीचे घरीच राहतात, आणि आईवडिलांनी साठी गाठली की एकच प्रश्न त्यांची झोप उडवतो: आमच्या माघारी याचे कसे होणार? पुण्यात या कामाची परंपरा जुनी आहे. बौद्धिक दिव्यांगांसाठीची ‘कामायनी’ ही संस्था १९६४ पासून काम करत आहे, आणि मुळशी तालुक्यातील कोळवण खोऱ्यात ‘साधना व्हिलेज’ने बौद्धिक दिव्यांग प्रौढांसाठी घर उभे केले. केंद्राच्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ‘घरौंदा’ ही प्रौढांच्या निवासाची योजनाही आहे. तरीही मागणीच्या मानाने जागा फार कमी आहेत आणि त्याचा परिणाम थेट दर्जावर होतो. मोठ्या खटपटीने प्रवेश मिळालेले पालक तक्रार करायला कचरतात. मुलाच्या दंडावरचा वळ दिसूनही, उद्या संस्थेने याला घरी घेऊन जा म्हटले तर काय, या धास्तीने गप्प बसणाऱ्या आईला दोष देता येत नाही.

(दृश्य: जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणे)

हा विषय पुणे जिल्ह्याने एकदा फार कठोर रूपात पाहिला आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर येथील शासकीय संस्थेत राहणाऱ्या बौद्धिक दिव्यांग स्त्रियांवर पुण्याच्या ससून रुग्णालयात गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. मासिक पाळीतील स्वच्छता या स्त्रियांना सांभाळता येत नाही, असे कारण पुढे करण्यात आले. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर त्या शस्त्रक्रिया थांबल्या. पॅड कसे बदलावे हे चित्रांच्या क्रमाने शिकवता येते, दिनदर्शिकेवर खूण करून तारखेची आठवण देता येते, आणि जिला तेही जमत नाही तिला मदत करणारी मावशी नेमता येते. हे सगळे करण्याऐवजी शरीराचा अवयवच काढला गेला, याचा अर्थ संस्थेची अडचण त्या स्त्रियांच्या देहावर सोडवली गेली.

पुढे चंडीगडच्या एका शासकीय संस्थेतील तरुणीच्या प्रकरणात, तिच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले. त्याच्या कलम ५ मध्ये समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि कलम १४ मधील मर्यादित पालकत्वात, म्हणजे ठरावीक निर्णयांपुरता पालक नेमला जातो तेव्हा, त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून, तिच्यासोबत मिळून निर्णय घेणे अपेक्षित आहे.

(दृश्य: एक पुरुष तळहाताने आपला कान बडवत आहे)

जो बोलत नाही, त्याच्याशी सल्लामसलत कशी करायची? पडद्यावरचे हे गृहस्थ स्वमग्न आहेत आणि गेले काही दिवस ते असे कान बडवत आहेत. ‘चिडले आहेत’ अशी वहीत नोंद करून शांत राहण्याचे औषध वाढवणे सोपे असते, आणि अनेकदा तेच होते. जाणकार काळजीवाहक आधी त्यांचे तोंड उघडून पाहतात. दाढ किडली असेल, कानात पू झाला असेल, पोट साफ नसेल, तर ज्याला शब्दांत सांगता येत नाही तो माणूस हातानेच सांगतो. वागणुकीमागची वेदना शोधणे ही माझ्या मते चांगल्या निवासी गृहाची पहिली परीक्षा आहे.

दुसरी परीक्षा पुण्यात दरवर्षी भाद्रपदात होते. ढोल-ताशांचा आवाज अनेक स्वमग्न व्यक्तींना सोसवत नाही. समज असलेले गृह आधीपासून चित्रकार्डांवर ते दिवस दाखवून ठेवते, कानांवर लावायची आवाजरोधक साधने हाताशी ठेवते, रस्त्यापासून दूरची एक खोली शांत राखते, आणि ज्याला मिरवणूक मनापासून आवडते त्याला सोबत देऊन पाठवते. सर्वांना एकत्र कोंडणे किंवा सर्वांना एकत्र नेणे, हे दोन्ही त्यामानाने कमी कष्टाचे आहे.

यासाठी माणसे लागतात, आणि ती टिकावी लागतात. तुटपुंज्या पगारावर रात्रपाळी करणारा दादा काही महिन्यांत निघून जातो, आणि त्याच्याबरोबर कोणाला पाण्याची भीती वाटते, कोण उशीशिवाय झोपत नाही, ही माहितीही जाते.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळचे ‘विंटरबोर्न व्ह्यू’ हे बौद्धिक दिव्यांग आणि स्वमग्न व्यक्तींसाठीचे नोंदणीकृत आणि अतिशय महागडे खासगी रुग्णालय होते. २०११ मध्ये छुप्या कॅमेऱ्याने तेथील मारहाण उघड केली. त्याआधी एका परिचारकाने नियामक संस्थेला कळवूनही दखल घेतली गेली नव्हती. आज इंग्लंडमध्ये अशा संस्थांच्या तपासणीच्या वेळी, अशी सेवा स्वतः घेतलेल्या व्यक्तींनाही निरीक्षकांबरोबर नेले जाते. आपल्या कायद्यातही संस्थेला नोंदणी सक्तीची आहे, आणि राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. तपासणीच्या पथकात अशा गृहात राहिलेली एक व्यक्ती आणि एक पालक असावा, भेट न कळवता आणि शक्यतो सुट्टीच्या दिवशी, म्हणजे कर्मचारी सर्वांत कमी असताना व्हावी, ही मागणी पुण्यातील पालकांनी आयुक्तालयाच्या दारात लावून धरायला हवी.