वायर बदलली की आवाज बदलतो का?

या दोन वायरी नीट बघा. डावीकडची अर्धा स्क्वेअर एमएमची, बारीक, आणि उजवीकडची अडीचची, घरात इलेक्ट्रिशियन प्लग पॉइंटला ओढतो तेवढी जाड. अ‍ॅम्प्लिफायर तोच, स्पीकर तोच, अंतर ५ मीटर. करंटला जायचंही असतं आणि परतही यायचं असतं, म्हणजे तांबं धरायचं १० मीटर.

जाड वायरचा रेझिस्टन्स येतो साधारण ०.०७ ओहम, बारकीचा ०.३५ च्या आसपास. एवढ्याशा आकड्याने काय होतंय असं वाटेल, पण आपण ज्याला ८ ओहमचा स्पीकर म्हणतो तो सगळ्या फ्रिक्वेन्सीला ८ नसतोच, एखादा स्पीकर कुठे ३ पर्यंत उतरतो, कुठे २० वर चढतो, आणि जिथे तो उतरतो तिथेच वायर जास्त खाते. अशा स्पीकरवर बारकी वायर सुमारे ०.८ डेसिबलचा फरक पाडते, कान देऊन ऐकणाऱ्याला तो कळू शकतो. जाड वायरचा फरक ०.२ च्याही आत.

गिटारच्या केबलचं तर विचारूच नका, तिथे कपॅसिटन्सचा, म्हणजे केबलने थोडा चार्ज साठवून धरण्याचा खेळ आहे, केबल ३ मीटरवरून ६ मीटर केली की पिकअपच्या, म्हणजे गिटारच्या तारांची थरथर पकडणाऱ्या भागाच्या, आवाजाची धार खरंच बोथट होते.

पण जाड तांब्याच्या पुढे काय? चांदी तांब्यापेक्षा फक्त ६ टक्क्यांच्या आसपास चांगली वाहक, तेवढं तर तांबं जरासं जाड घेऊन मिळतं. २००७ साली अमेरिकेतले जादूगार आणि चमत्कारांच्या दाव्यांची परीक्षा घेणारे जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलरची स्पीकर केबल नुसत्या कानाने ओळखून दाखवणाऱ्याला १० लाख डॉलर देऊ केले होते, ती टेस्ट शेवटी झालीच नाही. मला याची मनापासून चुटपुट लागते, कारण लोक साठवलेले पैसे यात घालतात आणि त्यांना फरक जाणवतो हेही खोटं नसतं, वायर बदलायला उठलं, परत बसताना डोकं वीतभर इकडेतिकडे झालं तरी खोलीतल्या प्रतिध्वनीमुळे कानाशी येणारा आवाज या वायरींपेक्षा जास्त बदलतो.

म्हणून आज खुर्ची हलवायची नाही. वायरींच्या पुढे पडदा आहे, दोन्हींचा आवाज मीटरने जुळवलाय, कोणती जोडायची ते दर वेळी नाणं उडवून ठरतंय. ऐकणाऱ्याच्या हातात कागद आणि पेन.

गाण्याचा पहिला तुकडा.