रडून झालं, पैसे परत केले का?

जय ख्रिस्त, मंडळी. आवाज नीट येतोय ना? मागच्या व्हिडिओत माझ्यापेक्षा पंखाच जास्त बोलत होता, असं तुम्ही लिहिलंत. म्हणून आज पंखा बंद ठेवलाय. घाम पुसताना दिसलो तर सांभाळून घ्या.

गेले दोन महिने एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. 'काका, जीवन देवाच्या मापाप्रमाणे लावायचं म्हणजे नेमकं करायचं काय?' पूर्वी दादा म्हणायचे, आता सगळे काकाच म्हणतात. असो.

सोपं आधी उरकतो. दहा आज्ञा, बायबलमधलं निर्गम, अध्याय 20. डोंगरावरचं प्रवचन, मत्तय 5 ते 7. बसून एका दमात वाचा, अर्धा तासही लागत नाही. सगळ्याचं सार दोन आज्ञांत आहे: देवावर पूर्ण मनाने प्रीती, शेजाऱ्यावर स्वतःसारखी. रोज प्रार्थना, रोज वचन, रविवारी उपासना. संडे स्कूलपासून पाठ आहे तुम्हाला, पुढे जाऊ.

हे बघा. (ओळंबा कॅमेऱ्यासमोर धरतो.) माझ्या वडिलांचा आहे. वडील गवंडी होते, नगर जिल्ह्यातले. वर ही लाकडाची चकती, खाली हा पितळी गोळा, दोन्हींची रुंदी सारखी. चकती भिंतीला टेकवायची, गोळा खाली सोडायचा, हलायचा थांबला की बघायचं. गोळा भिंतीला जेमतेम शिवला तर भिंत सरळ. मध्ये बोट शिरलं किंवा गोळा भिंतीवर रेलला, तर चुकलं. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात, सातव्या अध्यायात, प्रभू हाच घेऊन उभा आहे. इस्राएल लोकांच्या मधोमध ओळंबा लावतो म्हणतो.

आता माझी जुनी तक्रार ऐका. ओळंबा लावला, भिंत वाकडी निघाली, तर गवंडी काय करतो? डोळे पुसत बसतो का? वडील काही न बोलता वरचे थर उतरवायला घ्यायचे. माल ओला असेल तर थापीने निघतो. वाळला असेल तर छिन्नी-हातोडा, आणि निम्म्या विटा वाया. आपण मात्र भिंतीसमोर उभं राहून रडतो, लोक 'हालेलूया' म्हणतात, आणि भिंत आहे तशीच.

मला वाटतं, थोडा दोष आपल्या शब्दाचाही आहे. पश्चात्ताप. पश्चात् म्हणजे नंतर, ताप म्हणजे जळणं. नंतर होणारी जळजळ! मग माणसाला वाटणारच ना, जळजळ झाली म्हणजे काम झालं. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आहे मेटानोइया, मन पालटणं. जुन्या करारात हिब्रू शूव, म्हणजे मागे फिरणं. चुकीच्या एसटीत बसलात, तर नुसतं हळहळून चालत नाही, उतरून उलट दिशेची गाडी धरावी लागते.

योहान बाप्तिस्मा देणाऱ्याला लोकांनी हेच विचारलं होतं, आम्ही काय करावं? लूक 3. रडा, असं त्याने एकालाही सांगितलं नाही. जकातदारांना म्हणाला, ठरवून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणाला, कुणाला दमदाटी करून पैसे उकळू नका, पगारात भागवा. दोन अंगरखे असणाऱ्याला म्हणाला, एक देऊन टाक. सगळं खिशाशी आणि कपाटाशी येऊन थांबतं.

एक कमेंट वाचून दाखवतो. 'तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने आहे, तुम्ही कर्मकांड शिकवता.' मित्रा, तारण कृपेने, कर्मांनी नाही, हे इफिस 2:8 आणि 9 मलाही पाठ आहेत. तू 10 वाचलं नाहीस. चांगल्या कामांसाठी आपल्याला निर्माण केलंय, असं लगेच पुढे लिहिलंय. आणि जकातदारांचा मुख्य जक्कया, त्याच्याकडे बघ. उंबराच्या झाडावर चढलेला तो बुटका आपल्याला गाण्यापुरता आठवतो. येशू त्याच्या घरी आधी गेला, पैसे परत कर मग येतो, असं म्हणाला नाही. कृपा पहिली, कबूल. पण जक्कयाने उभं राहून काय म्हटलं? अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत.

हे चौपट कुठून आलं? नियमशास्त्रात स्वतःहून कबूल करणाऱ्याला मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढीच भरपाई आहे, लेवीय 6. चौपट आहे ती मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर, निर्गम 22. म्हणजे जक्कयाला पाचव्या हिश्शात सुटता आलं असतं. त्याने स्वतःला चोराचा दंड लावून घेतला. मला तर हे वाचून दर वेळी थोडं अस्वस्थ व्हायला होतं.

फिलेमोनाचं पत्र बघा, एका पानाचं. पळून आलेल्या अनेसिम नावाच्या गुलामाला प्रेषित पौल परत पाठवतो आणि त्याचा मालक फिलेमोन याला लिहितो, हा तुझं काही देणं लागत असेल तर माझ्या हिशोबात मांड, मी भरीन, हे मी स्वतःच्या हाताने लिहितोय. प्रेषितसुद्धा म्हणत नाही, भाऊ, प्रभूने क्षमा केली, हिशोब मिटला.

कॅथलिक प्रेक्षक म्हणतील, आमच्याकडे कन्फेशन, फादरपुढे पापाची कबुली, आहे, गोव्यात तर कुमसार म्हणतात. छान. पण तुमच्याच 1992 च्या कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद 1459 काढा. क्षमेने पाप जातं, पापाने झालेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही, चोरलेलं परत करा, कुणाची अब्रू घालवली असेल तर ती भरून द्या. तेव्हा इथे तुम्ही-आम्ही एकाच बाकावर.

आणि कृपा करून 'हा व्हिडिओ सासूबाईंना पाठवते' असं लिहू नका. मागच्या वेळी अशा सात कमेंट होत्या. ओळंबा आधी आपल्या भिंतीला.

आता माझं सांगतो. 1998 साल. मी एका बांधकामावर मुकादमाच्या हाताखाली मस्टर, म्हणजे हजेरीपट, लिहायचो. बाया माल वाहायच्या, पन्नास रुपये रोज. वर हिशोब जायचा पूर्ण हजेरीचा. शनिवारी पगार वाटताना मात्र सांगायचं, तुझे या हप्त्यात दोन खाडे. तिला वाचता येत नाही, मस्टर माझ्या हातात, मधले पैसे माझ्या खिशात. याकोब 5:4 मध्ये आहे ना, तुम्ही अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे? तेव्हा मी ते वाचलेलं नव्हतं. वाचलं असतं तरी ऐकलं असतं का, देव जाणे.

मग एका सुवार्ता सभेत मन हललं. खरंच हललं, ते नाटक नव्हतं. व्यासपीठावर साक्ष दिली, मजुरांची हजेरी खायचो म्हणून रडलो. पाळकसाहेबांनी मिठी मारली. घरी येताना वडील सायकल हातात धरून चालत होते. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, 'त्या बायांचे पैसे दिलेस का?'

एवढंच. पुन्हा कधी विचारलं नाही.

माझ्या डोक्यात एकच बाई होती. हिशोब केला: अकरा खाडे, साडेपाचशे. पाचवा हिस्सा एकशे दहा. सहाशे साठ रुपये घेऊन तिच्या वस्तीवर गेलो. चौपट द्यायची ऐपत नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. ती शेणी थापत होती. हात धुतले, पैसे घेतले, मोजले. 'हे वरचं कशाचं?' मी लेवीय समजावायला लागलो. तिने दुसऱ्यांदा मोजले आणि म्हणाली, 'अकरा नव्हं, तेरा. पोराला ताप होता तवाचे दोन धरलेच न्हाईत तुम्ही.'

खिशात एसटीपुरते पैसे उरले होते. पुढच्या शनिवारी एकशेवीस घेऊन परत गेलो. 'माफ केलं' असं ती म्हणेल, डोळ्यांत पाणी येईल, असं मला वाटत होतं. साक्षीत सांगायला बरं पडलं असतं. तिने नोटा पदराच्या गाठीत बांधल्या आणि विचारलं, 'त्या दोघींचं कधी देणार?'

त्यांची नावंसुद्धा मला आठवत नव्हती. तिनेच सांगितली, गावांसकट. मस्टरच्याच एका कोऱ्या पानावर मी ती लिहून घेतली.

पंखा लावतो आता. जय ख्रिस्त.