काचेत मावलेलं योसेमिटी

कार्लटन वॉटकिन्स यांच्या फोटोतलं हे झाड बघा. कॅलिफोर्नियातल्या मरिपोसा राईतला सिकोया, ‘ग्रिझली जायंट’. आता नजर खाली आणा, पार बुंध्यापर्यंत. तिथे काडीएवढी दिसतात ना, ती माणसं आहेत.

साल १८६१. अमेरिकेत यादवी पेटली होती. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोचे फोटोग्राफर कार्लटन वॉटकिन्स खेचरांवर सामान लादून योसेमिटीच्या खोऱ्यात उतरले. फोटो मोठा करून छापणं तेव्हा सोपं नव्हतं. मोठा फोटो हवा, तर काचही तेवढीच मोठी लागायची. त्यांची काच होती १८ बाय २२ इंचांची!

काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, काच हळूहळू कलती करत ते चारी कोपऱ्यांना पोचवायचं, मग काळ्या तंबूत ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. तिथून पुढे सगळी घाई. ओल आहे तोवर फोटो घ्यायचा आणि लगेच तंबूत जाऊन तो धुवायचा. वाऱ्याने धुळीचा एक कण आणून चिकटवला, तरी मेहनत पाण्यात. अशा ३० काचा त्यांनी डोंगरवाटांनी सांभाळून परत आणल्या. मला फोटोंइतकंच याचं अप्रूप वाटतं.

१८६२ च्या अखेरीस हे फोटो न्यूयॉर्कच्या गुपिल गॅलरीत लागले. लढाईत पडलेल्यांच्या याद्या वाचणाऱ्या शहराला आपल्याच देशाचे हे कडे दिसले. युरोपसारखे जुने किल्ले या नव्या देशाकडे नव्हते. अभिमानाने बोट दाखवावं असं काही आता मिळालं. कॅलिफोर्नियाचे सिनेटर जॉन कॉनेस यांच्याकडेही हे फोटो होते. त्यांनी मांडलेल्या विधेयकावर ३० जून १८६४ रोजी, ऐन युद्धात, अध्यक्ष लिंकन यांनी सही केली. खोरं आणि मरिपोसाची राई जनतेसाठी कायमची राखली गेली.

वॉटकिन्स यांचा स्टुडिओ १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाला. दृष्टी तोवर जवळजवळ गेलेलीच होती. १९१६ मध्ये नापाच्या मनोरुग्णालयात ते वारले.

त्यांच्या फोटोंत खोरं निर्मनुष्य, जणू कालच घडवल्यासारखं दिसतं. पण तिथे पिढ्यान्‌पिढ्या अवाहनीची जमातीची वस्ती होती. कॅमेरा येण्याच्या दहाच वर्षं आधी, १८५१ मध्ये, हत्यारबंद तुकडीने त्यांची घरं जाळली, त्यांना हुसकून लावलं. हे फोटो पाहताना तेही आठवायलाच हवं. ओकची फळं कुटून कुटून कातळात पडलेली त्यांची उखळं आजही त्या खोऱ्यात आहेत.