मधला पोस्टमन

[दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. पुठ्ठ्याचा खोका, त्यावर चिकटपट्टीचे तीन-चार थर. कात्री चालते.]

आत झाड आहे, पण माती नाही. मुळं धुऊन, दोन दिवस सावलीत सुकवून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं अ‍ॅडेनियम. त्याला असा प्रवास चालतो. फुगलेल्या बुंध्यात पाण्याचा साठा असतो, आठवडाभर ते कुरकुर करत नाही. पाठवलंय सांगलीच्या एका काकूंनी. त्यांची नर्सरी नाही, दुकान नाही. गच्चीत दीडशे कुंड्या आहेत, आणि पाय ठेवायला जागा उरली नाही की काही रोपं विकायला निघतात. झाडाचे ३४० रुपये, कुरिअरचे ८० वेगळे.

पैसे गेले सोमवारी. झाड आलं शुक्रवारी.

मधल्या चार दिवसांत काकूंकडे माझे पैसे होते आणि माझ्याकडे काकूंचा शब्द.

[दृश्य: पोस्टाची लाल पेटी. बंद खिडकी.]

‘व्ही.पी.ने मागवा.’ मासिकांच्या शेवटच्या पानांवरची ही ओळ ज्यांनी वाचली आहे, त्यांना पोस्टमनही आठवत असेल. पार्सल त्याच्या हातात, पैसे आपल्या हातात, मध्ये उंबरा. पैसे मोजल्याशिवाय पार्सल मिळत नसे. आधी उघडून बघतो म्हणायची सोय नव्हती, त्यामुळे फसवणूक तेव्हाही व्हायची. पण दोन अनोळखी माणसांच्या मध्ये तिसरं कोणीतरी उभं असायचं.

२०१६ साली यूपीआय आलं. गच्चीत रोपं लावणाऱ्या काकूंसाठी ही मोठीच सोय झाली. मशीन नको, कमिशन नको, क्यूआर कोडचा फोटो पाठवला की काम झालं. मधल्या पोस्टमनची मात्र सुट्टी झाली. पिन टाकल्यावर पैसे काही सेकंदांत समोरच्याच्या खात्यात जातात, आणि ‘माल आला नाही, पैसे परत घ्या’ असं सांगायला मध्ये कोणीच नसतं. यूपीआय म्हणजे रोख रक्कमच, फक्त लांबून दिलेली.

बँकेत जाऊन भांडता येईल असं वाटतं. मलाही वाटलं होतं. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक मी छापून नेलं होतं. तिसऱ्याच कोणी खात्यातून पैसे काढले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भुर्दंड नाही, असं त्यात आहे. काउंटरवरच्या बाईंनी ते शांतपणे वाचलं आणि विचारलं, “पिन कोणी टाकला?”

मीच टाकला होता.

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर मॉन्स्टेरा या शोभेच्या झाडाचं पान, अर्धं हिरवं, अर्धं पांढरं.]

हे ते पान. १,८५० रुपयांचं, कधीच न आलेलं. विकणाऱ्या ‘ताई’ गोड बोलायच्या. पैसे भरताना पडद्यावर नाव मात्र एका पुरुषाचं आलं. विचारलं तर म्हणाल्या, “मिस्टरांचं खातं आहे.” इथे मी थांबायला हवं होतं, असं आता सगळे सांगतात. पण खरं सांगू? सांगलीच्या काकूंचं खातंही काकांच्याच नावावर आहे. यूपीआयच्या अ‍ॅपना आता बँकेत नोंदलेलं खरं नाव दाखवावं लागतं, त्याचा उपयोग होतो, पण घरगुती विक्रेत्यांच्या बाबतीत तेवढ्यावरून माणूस खरा की खोटा ते ठरत नाही.

ठरतं चमच्यावरून.

ही युक्ती काकूंनीच शिकवली. “अगं, झाडाशेजारी चमचा ठेवून फोटो मागायचा. आत्ताचा.” ज्याने कुणाचा तरी फोटो ढापलाय, त्याच्याकडे झाडच नसतं, मग चमचा कशाशेजारी ठेवणार? तो घाई करतो, ‘अजून दोघं मागतायत’ म्हणतो, चिडतो. आणि खरा हौशी माणूस? त्याला एक फोटो मागा, तो बारा पाठवतो. वरून मुळांचा व्हिडिओ, आणि शेजारच्या कुंडीतल्या कळीचाही, जी तुम्ही मागितलेलीच नव्हती.

माझ्या मॉन्स्टेराचं काय झालं? १९३० वर फोन केला, पण दुसऱ्या दिवशी सकाळी. सायबर फसवणुकीच्या या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली की ती पुढच्या बँकांकडे जाते, आणि पैसे अजून खात्यात असतील तर ते अडकवून ठेवता येतात. ‘असतील तर’ हे शब्द महत्त्वाचे. रात्रभरात ते तीन खाती ओलांडून गेले होते.

[दृश्य: गच्ची. काकू मुळं धूत आहेत.]

मग पैसे देताना पार्सल हातात का घेऊ नये? कॅश ऑन डिलिव्हरी? काकू हसतात. जिवंत झाड आहे. गिऱ्हाईकाने दार उघडलं नाही की ते त्याच रस्त्याने परत येतं, आणि आठ-दहा दिवसांनी खोक्यातून निघतो तो चिखल. म्हणून त्या फक्त सोमवारी-मंगळवारी पाठवतात. शनिवार-रविवार गोदामात गेला की मऊ देठाची झाडं कुजतात.

त्यांचा रिवाज सरळ आहे. पाचशेच्या आतलं असेल तर सगळे पैसे आधी. त्याच्या वर गेलं तर अर्धे आधी, अर्धे कुरिअरची पावती दाखवल्यावर. नव्या गिऱ्हाईकाला त्या स्वतःच सांगतात, “पहिल्यांदा एकच घे.” मला हा नियम कुठल्याही अ‍ॅपपेक्षा शहाणपणाचा वाटतो.

रक्कम मोठी असेल तेव्हा मात्र पोस्टमनला परत बोलवावं लागतं. आठ-दहा हजारांचं जुनं, कलम केलेलं झाड असेल, तर विक्रेत्याकडे पेमेंट गेटवेची, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या मधल्या कंपनीची, लिंक मागायची आणि क्रेडिट कार्डाने भरायचं. माल आलाच नाही तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे परत, मागता येतो. त्याला मुदत असते, पुरावे लागतात, पण दाद मागायला एक खिडकी तरी असते. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं असलं, तरी ते दुकानदाराच्या क्यूआरवर चालतं, कुणाच्या खासगी खात्यावर नाही. गेटवे साधारण दोन टक्के कापून घेतो. ते मी देते. पोस्टमनही फुकट येत नव्हता.

न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीचा प्रश्न हाच, फक्त नावं वेगळी. तिथे झेल या सेवेने दिलेले पैसे म्हणजे आपल्या यूपीआयसारखेच, गेले की गेले. पेपॅलमध्ये ‘गुड्स अँड सर्व्हिसेस’ निवडलं तर १८० दिवसांत तक्रार करता येते. विक्रेता फी वाचवायला म्हणतो, “फ्रेंड्स अँड फॅमिलीमधून पाठव ना.” पाठवलं की ते संरक्षण संपलं. अनोळखी माणसाने स्वतःला फॅमिली म्हणवून घ्यावं, यातच काय ते आलं. भारतातल्या भारतात पेपॅलची सोय १ एप्रिल २०२१ पासून बंदच आहे.

[दृश्य: काकूंचा फोन. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट.]

भीती एकाच बाजूची नाही. हा स्क्रीनशॉट बनावट आहे. काकूंना महिन्यातून एखादा येतोच. त्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये बारा आकडी व्यवहार क्रमांक जुळवतात, रक्कम जमा दिसली तरच झाड उपटतात. “पैसे पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका” असंही एकाने सांगून पाहिलं. पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढं त्यांना पक्कं माहीत. दोन व्यक्तींमधली पैसे मागण्याची यूपीआय विनंती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, त्याने एक वाट बुजली. क्यूआरची आहेच.

आणि काही फसवणुकींवर कुठलंच कार्ड चालत नाही. निळ्या गुलाबाच्या बिया, साठ रुपयांत वीस. बिया खरंच येतात, उगवतातही. जपानच्या सन्टोरी कंपनीने प्रयोगशाळेत जनुकं बदलून २००४ साली जो निळा गुलाब जाहीर केला, तोही दिसायला जांभळटच. तो साठ रुपयांत मिळेल असं वाटत असेल, तर प्रश्न पैसे भरण्याच्या पद्धतीचा नाही.

[दृश्य: बाल्कनी. कुंडीत अ‍ॅडेनियम, एक कळी.]

सांगलीचं झाड लागलं. खोका उघडतानाचा व्हिडिओ मी काढून ठेवला होता. काही मोडलं असतं तर दाखवायला. तशी वेळ आली नाही. मार्चमध्ये पहिलं फूल आलं. फोटोत होतं गडद लाल, जवळजवळ काळसर. उमललं ते फिक्कट गुलाबी.

काकूंना फोटो पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं.

“अगं बाई! मग तो लाल कुणाकडे गेला?”